अक्षयाच्या नावे

बार्शीच्या एका आडत दुकानात बाळासाहेबांनी एकेचाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. एवढ्या वर्षांत त्यांनी वहीत एक आकडा खोडला नाही, असं लोक सांगत. ते स्वतः एवढंच म्हणत, "खोडायची पाळी येऊ नये म्हणून दोनदा बघायचं. त्यात कौतुक कसलं?" दोनदा बघायला दुप्पट वेळ लागतो. तो ते देत. संध्याकाळी हमाल घरी गेले की बाळासाहेब आणि दुसरा कारकून समोरासमोर बसत. एकानं पावती मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं वहीतल्या आकड्यापुढं टिंब द्यायचं. याला रुजवात म्हणतात. रुजवात झाल्याशिवाय त्यांनी कधी टोपी डोक्यावर चढवली नाही.

बायको गेल्यावर मुलीनं त्यांना आयर्लंडला नेलं. मुलगी उल्का कासलबारच्या इस्पितळात डॉक्टर. बापाला कायमचं ठेवून घ्यायचं तर सरकारी कार्डावर 'स्टॅम्प झिरो' असा शेरा मिळतो. राहा, पण कामधंदा करायचा नाही. बाळासाहेबांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"जन्मभर शून्यं मांडली," ते म्हणाले, "आता मलाच शून्यात बसवलं."

घरात तिसरं माणूस होतं. अक्षया. सांगलीची. गॉलवेला शिकायला आली, मग कासलबारजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, आणि उल्काच्या घरात वरच्या खोलीत राहू लागली. उल्कापेक्षा सहा वर्षांनी लहान. उल्काच्या ड्यूट्या चोवीस तासांच्या, त्यामुळं बाळासाहेबांना बोलायला दिवसभरात माणूस मिळायचं ते अक्षयाच. त्यांना दुकानात नेणं, औषधं आणणं, थंडीच्या आधी घर तापवायच्या तेलाची टाकी भरून घेणं, सगळं तीच बघायची. तिच्या मराठीत तिथलं इंग्रजी मिसळलेलं असे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "काका, तुमची वही प्रेसमध्ये ठेवलीये."

"अगं, छापायला कशाला दिलीस?" बाळासाहेब घाबरून उठले.

प्रेस म्हणजे तिथं कपाट. अक्षया हसून हसून जिन्यावर बसली. पुढं तीन वर्षं तो विनोद घरात चालला. काही सापडेना झालं की ती विचारायची, "काका, छापायला गेलं का?"

ती वही त्यांनी बार्शीहून आणली होती. लांबट, लाल खारव्याच्या बांधणीची. काम करायचं नाही म्हणून काय झालं, घरचा हिशेब तर लिहिता येतो. तीन माणसं, तीन हिस्से. बापाचा आणि स्वतःचा असे दोन हिस्से उल्काचे, एक अक्षयाचा. भाडं उल्काच्या बँकेतून जाई. बाकीचं सगळं, वाणसामान, वीज, तेल, कचऱ्याची गाडी, अक्षया आपल्या कार्डावर भरी. कोण किती भरतंय ते दोघींपैकी कोणी बघत नव्हतं. वही बघत होती.

लिहायची पद्धत दुकानातलीच. जो देतो त्याचे जमा, जो घेतो त्याच्या नावे. अक्षयानं टाकी भरून सहाशे दहा युरो दिले तर 'अक्षयाचे जमा, ६१०'. महिन्याच्या भाड्यातला तिचा हिस्सा चारशे, तो 'अक्षयाच्या नावे, ४००'. रोजच्या रोज कीर्द ते लिहीत. खतावणी मात्र काढत नसत, म्हणजे एकेकीचं खातं वेगळं मांडून बेरीज मारत नसत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनच्या यादीत नाव घालून वर्ष होत आलं होतं. कीर्द भिंगाखाली कशीबशी उतरे. बेरजेचं पुढं बघू, असं म्हणत साडेतीन वर्षं गेली.

मग मार्चमध्ये अक्षयाला लेटरकेनीला नवी नोकरी लागली. तिथं गाडीशिवाय पान हलत नाही, तेव्हा जुनी का होईना, गाडी घ्यायची होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिची आई, नंदिनीबाई. सांगलीला अक्षयाच्या भावाकडे असत. दीड वर्षापासून त्यांना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग दिवस, मग नातवांची नावं. अक्षयानं पाच हजार युरो बाजूला टाकले होते. जूनमध्ये आईला आणायचं, अडीच महिने जवळ ठेवायचं, तिला समुद्र दाखवायचा.

"आत्ताच आणायला हवं, काका," ती भांडी पुसता पुसता म्हणाली. "अजून मला ओळखते. फोनवर हाक मारायच्या आधी 'अक्षू' म्हणते."

"आण की. माझी खोली देतो. मी बाहेर कोचावर झोपेन."

"लेटरकेनीला नेणार आहे तिला. तुम्हीच या तिकडं."

जायच्या आधी हिशेब मिटवायचा असं दोघींनी ठरवलं. उल्काकडे वेळ नव्हता. तिच्या फोनमध्ये एक एआय सहायक होता, माणसासारखा बोलणारा. त्याला ती पगाराच्या चिठ्ठ्या दाखवायची, कराचे कागद विचारायची, विजेचं बिल का वाढलं ते शोधायला लावायची. तो झटक्यात तक्ता मांडून द्यायचा. मराठीही बोलायचा. तिनं वहीच्या पानांचे फोटो देऊन पाहिले, पण बाळासाहेबांचं मोडीच्या वळणाचं पेन्सिलीचं अक्षर त्याला लागेना.

"बाबा, तुम्ही वाचून दाखवा त्याला. बाकी सगळं तो करेल."

"रुजवात?"

"तीपण तोच करेल हो. त्याची बेरीज चुकत नाही."

बाळासाहेब चार सकाळी बसले. एका हातात भिंग, समोर टेबलावर फोन. ते त्याला कारकून म्हणत. कारकून चांगला होता हे कबूल केलं पाहिजे. कंटाळत नव्हता, बिडी प्यायला उठत नव्हता, एकदा ऐकलेला आकडा पुन्हा विचारत नव्हता. पहिल्या सकाळी दहा-बारा नोंदी झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "एक खात्री करून घेऊ या. 'जमा' म्हणजे अक्षयाकडे जमा झालेली रक्कम, आणि 'नावे' म्हणजे अक्षयाच्या नावानं भरली गेलेली रक्कम, असं धरलं आहे. बरोबर आहे का?"

किटली शिट्टी घालत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. बाळासाहेबांच्या कानांवर 'जमा' पडलं, 'नावे' पडलं, ओळखीचे शब्द. अक्षयाचे जमा आणि अक्षयाकडे जमा, या दोहोंत सगळा व्यवहार उलटतो, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं होतं. त्या वेळी त्यांना ते ऐकू आलं नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढं चला."

आणि उठून किटली बंद केली.

चौथ्या दिवशी तक्ता आला. रांगा सरळ, बेरजा ठळक, महिन्यांना रंग. बाळासाहेबांनी भिंग लावून शेवटचा आकडा वाचला. चार हजार तीनशे बहात्तर युरो. अक्षयाकडून येणे.

त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. पोरगी खांद्यावर सामानाच्या पिशव्या घेऊन येताना डोळ्यांपुढं आली. तेलाची टाकीही आठवली. येणं तिच्याकडून कसं निघेल? मग भाडं आठवलं, भाडं मोठं, ते उल्काचं. असेल. तीन दिवस बसून खतावणी काढली असती तर कळलं असतं. पण वही मिटलेली होती, डोळे दुखत होते, आणि तक्ता इतका नीटनेटका होता. त्यांनी वही कपाटात ठेवली.

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात बसली. उल्कानं लॅपटॉप अक्षयाकडे वळवला. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"हे बघ, एवढं निघतंय. पण घाई नाही हं. सावकाश दे."

"माझ्याकडून?" अक्षया म्हणाली.

ती बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली.

"काका, तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं," बाळासाहेब म्हणाले.

"मग ग्रँड, ठीकच." तिनं लॅपटॉप मिटला. "बघितलंत ना, मग झालं."

त्याच आठवड्यात तिनं सगळे पैसे पाठवले. एप्रिलमध्ये सामान भरताना तिनं सहज सांगितलं की आईचं या वर्षी जमत नाही. पुढच्या जूनमध्ये बघू. गाडी तर घ्यावीच लागेल. बाळासाहेब तिच्या डब्यात लाडू भरत होते. ते म्हणाले, "पुढचा जून काय, आलाच." उल्कानं तिला पोटाशी धरलं. पण मनात कुठंतरी तिढा बसला होता. साडेतीन वर्षं ही आपल्या जिवावर राहिली आणि एकदा बोलली नाही, असं उल्काला वाटत होतं. गणपतीच्या जेवणाला जमलेल्या बायकांत ती तसं एकदा बोलूनही गेली. अक्षया त्या जेवणाला आली नव्हती. तिचे फोन आधी आठवड्याला येत, मग महिन्याला.

सप्टेंबरमध्ये बाळासाहेबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांना समोरच्या घराच्या कौलांवरचं शेवाळ दिसलं. मग स्वतःचे हात दिसले, किती म्हातारे झालेत ते.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची, तर जुनी बंद झाली पाहिजे. बाकी काढून पुढं ओढली पाहिजे. तक्ता होताच, त्यातला आकडा उचलून चालला असता. पण आता डोळा होता, आणि डोळा असून दुसऱ्याची बेरीज उचलायची हे त्यांच्या हाताला पटेना. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, पट्टी घेतली, दोन कोरे ताव जोडले आणि खतावणी मांडायला घेतली. उल्काचं खातं डावीकडे, अक्षयाचं उजवीकडे. रोज सकाळी आठ ते बारा. पाठ धरली की उभं राहून. तिसऱ्या दिवशी बेरीज मारली.

चार हजार तीनशे बहात्तर.

त्यांना बरं वाटलं. पैशाचा फरक नाही. कारकून पक्का निघाला. मग त्यांची नजर तावाच्या बाजूवर गेली. बाकी अक्षयाच्या जमेकडे होती.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. खालून वर केली. बाकी हलली नाही. पोरीकडून एक पैसा येणं नव्हतं. उलट चार हजार तीनशे बहात्तर तिला देणं होतं, आणि तेवढेच तिच्याकडून वर घेतले होते.

उल्का ड्यूटीवरून सकाळी आली तेव्हा ते पूजेच्या पाटासमोर बसले होते. पाट कोरा होता.

"बाबा, अजून मांडलं नाहीत?"

त्यांनी ताव पुढं केला. बोटानं बाजू दाखवली. उल्काला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे आपणच तिला... आठ हजार सातशे चव्वेचाळीस?"

"व्हय."

"मग ती बोलली का नाही? एवढी रक्कम! कुणीही बोलेल ना, बाबा?"

"मला विचारलं होतं तिनं."

"काय विचारलं?"

"बघितलं का, म्हणून."

उल्का खुर्चीवर बसली. म्हणाली, "त्या फोननं घोळ घातला."

"फोन काढ. मार्चचं काढ."

मार्चचं बोलणं जसंच्या तसं होतं. उल्कानं वाचलं. त्याचा प्रश्न होता. खाली बापाचं उत्तर होतं. बरोबर. पुढं चला.

"त्यानं विचारलं होतं," बाळासाहेब म्हणाले. "तिनंही विचारलं होतं. दोघांनाही मीच हो म्हणालो."

उल्कानं तिथल्या तिथं पैसे पाठवले. फोन लावायला घेतला आणि ठेवला. मग तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. गणपतीच्या जेवणात आपण काय बोललो ते तिला आठवलं होतं. आल्यावर म्हणाली, "रविवारी मी नेते तुम्हाला गाडीनं."

"नको. मी उद्याच जातो. बसनं."

"स्लायगोला बस बदलावी लागते, बाबा. एकटे कसे जाल?"

"डोळा आहे आता," ते म्हणाले.

वही त्यांनी कापडी पिशवीत घातली आणि पाच तास मांडीवर धरली. लेटरकेनीच्या थांब्यावर अक्षया उभी होती. पूर्वीसारखी धावत आली नाही. वाकून पाया पडली. वाळली होती.

"काका, पैसे मिळाले मला. उल्काताईचा मेसेजही आला. एवढ्यासाठी कशाला यायचं?"

"पैसे आले. हिशेब आला नाही."

तिच्या स्वयंपाकघरात त्यांनी वही उघडली, पेन्सील तिच्या हातात दिली. मी वाचतो, तू टिंब दे. ती नको नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. मग दोघं समोरासमोर बसली. अक्षयाचे जमा, तेल, सहाशे दहा. टिंब. अक्षयाचे जमा, वाणसामान, ब्याऐंशी. टिंब. अक्षयाच्या नावे, भाडेहिस्सा, चारशे. टिंब. साडेतीन वर्षं भराभर त्या टेबलावरून गेली. एका नोंदीला ती थांबली.

"हा तुमचा वाढदिवस होता. केक आणला होता मी. तोसुद्धा लिहिलात?"

"तू दिलेस, तर तुझे जमा."

ती जराशी हसली. मग वहीकडे बघतच म्हणाली, "मला वाटलं होतं, काका. उलटं असेल असं. पण तुम्ही बघितलं म्हणालात. म्हटलं, माझंच चुकत असेल."

बाळासाहेबांनी ओळीवरचं बोट उचललं, पुन्हा टेकवलं आणि पुढची नोंद वाचली.

तीन वाजता तिचा फोन वाजला. सांगलीला रात्रीचे साडेआठ, भाऊ रोज याच वेळी आईला फोनपुढं बसवी. ऑगस्टमध्ये नंदिनीबाई न्हाणीत पडल्या, आठ दिवस दवाखान्यात होत्या. पाय जुळून आला. बाकीचं परत आलं नाही.

पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई दिसली. नीट भांग पाडलेली.

"आई, जेवलीस?"

"जेवले हो. तुम्ही जेवलात का?"

"मी अक्षू, आई."

"हो का?" नंदिनीबाई अगत्यानं म्हणाल्या. "आमच्याकडे पण आहे एक अक्षू. परदेशात असते. येणार होते मी तिच्याकडे, पिशवीसुद्धा भरली होती. तिनं मग बोलावलंच नाही." मग त्यांना मागं बसलेले बाळासाहेब दिसले. "हे तुमचे वडील का? बरे आहात ना?"

बाळासाहेबांनी हात जोडले.

फोन बंद झाल्यावर अक्षयानं तो पालथा घातला. ती रडली नाही. ओट्यावरचं फडकं घेऊन स्वच्छ असलेलं टेबल पुसलं.

"जूनमध्ये ओळखत होती," ती म्हणाली. "जुलैमध्येसुद्धा."

"पोरी, मी..."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, काका."

"मुद्दाम केलं असतं तर बरं," बाळासाहेब म्हणाले. "मी केलंच नाही. तीन दिवसांचं काम होतं. अंग चोरलं."

अक्षयानं फडकं बाजूला ठेवलं. चहा ठेवायला उठली.

तिची पाठ होती तेवढ्यात त्यांनी वहीचं शेवटचं पान काढलं. चार हजार तीनशे बहात्तर, बाकी दिली. चार हजार तीनशे बहात्तर, चुकून घेतलेले परत दिले. दोन्हीखाली दोन रेघा. अक्षयाचं खातं मिटलं. मग त्यांनी खाली एक ओळ सोडून नवं खातं घातलं. 'बाळासाहेबांच्या नावे.' तपशील लिहिला, 'नंदिनीबाईंचा जून-जुलै.' रकमेच्या घरात पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. एकेचाळीस वर्षांत त्यांनी रकमेचं घर कधी रिकामं सोडलं नव्हतं.

अक्षया कप घेऊन आली. तिनं ती ओळ वाचली. कप ठेवले, त्यांच्या हातातून पेन्सील काढून घेतली, वही मिटली.

"पाच वाजता तुमची बस आहे, काका. चहा घ्या."

"वही तुझ्याकडं राहू दे."

"बरं," ती म्हणाली. "प्रेसमध्ये ठेवते."

दोघांपैकी कोणी हसलं नाही. तिनं कपाट उघडलं, वही डाळींच्या डब्यांमागं उभी केली आणि दार लावलं.